गाठीपासून गाठीपर्यंत

वाचनालयाच्या दारातून पाहणाऱ्याला वाटलं असतं, वामनराव रामटेके वर्तमानपत्र वाचत बसले आहेत. खरं तर वर्तमानपत्राच्या आत दहावीचं भूमितीचं पुस्तक होतं, आणि वामनराव अर्ध्या तासापासून एकाच पानावर अडकले होते. पायरीवर कोणाच्या चपलेचा आवाज आला की ते वर्तमानपत्र जरा वर धरत.

मोहटोला हे पोंभुर्ण्याकडच्या जंगलाला लागून असलेलं सव्वाशे घरांचं गाव. तिथलं टपाल वामनरावांनी पस्तीस वर्षं सांभाळलं. निवृत्त झाल्यावर विहाराशेजारच्या खोलीत त्यांनी वाचनालय मांडलं, दोन कपाटं आणि चार खुर्च्यांचं. पोस्टमास्तरांना सगळं येतं, असं गावाने केव्हाच ठरवून टाकलं होतं. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर असो की तहसीलची नोटीस, कागद त्यांच्याकडेच येई. ते वाचून दाखवत, समजावून सांगत, आणि मग घरी जाऊन तासभर विचार करत बसत, की आपण सांगितलं ते बरोबर होतं का.

मॅट्रिकला गणितात त्यांना छत्तीस गुण होते. ही गोष्ट गावात फक्त त्यांच्या बायकोला, रुखमाबाईला, माहीत होती. तिने ती चाळीस वर्षं जपून ठेवली होती, वेळेला उपयोगी पडावी म्हणून.

आणि आता त्यांच्याकडे गणित शिकायला कोणी आलं होतं.

मे महिन्याच्या शेवटी रंजीता वाचनालयात आली. ती वच्छलाबाईची सून, सत्तावीस वर्षांची. नवरा प्रवीण भद्रावतीला कामाला होता, पंधरा दिवसांनी घरी येई. सासू-सुना बांबूचं काम करत. वच्छलाबाईची सुपं पाच गावांत जात, आणि रंजीता बांबूच्या खिडकीजाळ्या अशा करी की बाहेरगावचे लोक मोबाईलवर फोटो काढून नेत.

ती दारातच उभी राहिली.

"मामाजी, मी दोन मार्कांनी राह्यली."

"कशात?"

"दहावीत. गणितात. बाकीचं सारं निघालं, गणित तेवढं अडकलं." तिने पिशवीतून एक वही काढली. "बांबू केंद्रात शिकवणाऱ्या बाईची जागा निघाली आहे. काम मले येते, ते तिथल्या मॅडमलेबी माहीत आहे. पण दहावी पास पायजे. जुलैत पुन्हा पेपर आहे. ऑगस्टपर्यंत जागा धरून ठेवते म्हणे मॅडम. त्याच्यापुढे नाई."

"मग एखादा शिकवणीवाला पाहा नं, तालुक्याच्या ठिकाणी..."

"जाऊन यायचं म्हणजे सारा दिवस गेला. मंग काम कोण करन? अन् तुमी आहा नं इथी."

'मला येत नाही' हे तीन शब्द वामनरावांच्या ओठांपर्यंत आले आणि नेहमीप्रमाणे परत गेले.

"भूमितीच अवघड जाते मले," ती म्हणाली. "त्यात हा समभुज चौकोन. घरी बसून अकरा गणितं केली मी त्याची. एवढी तपासून देता का?"

त्यांनी वही घेतली.

दुपारी घरी ते वही घेऊन बसले. समोर रुखमाबाई मोहाच्या बिया फोडत होती. पहिलं गणित: समभुज चौकोनाचे कर्ण सहा आणि आठ सेंटीमीटर, तर बाजू किती? वामनरावांनी पुस्तकात पाहून रीत मांडली. कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात. म्हणजे अर्धे तीन आणि चार. तिनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, बेरीज पंचवीस, वर्गमूळ पाच.

रंजीताने उत्तर लिहिलं होतं सहा.

दुसरं गणित, कर्ण दहा आणि चोवीस. वामनरावांचं उत्तर तेरा, रंजीताचं चौदा. तिसऱ्यात त्यांचे दहा, तिचे अकरा. रीत कुठेच लिहिलेली नव्हती. नुसती सुबक आकृती आणि खाली उत्तर. अकराच्या अकरा गणितांत एक जास्त.

एखादं उत्तर चुकलं असतं तर वामनरावांनी लाल पेनने खूण केली असती. पण सगळीच उत्तरं इतक्या शिस्तीने चुकलेली पाहून त्यांना स्वतःचीच शंका आली. एवढी हुशार बाई अकरा वेळा एकच चूक कशी करेल? आपणच कुठे एक विसरतो आहोत का? त्यांनी तेराचा वर्ग तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा एकशे एकोणसत्तर आला. तरी त्यांचं समाधान होईना.

"काऊन असे घामाघूम झाले?" रुखमाबाईने विचारलं.

"तिची सारी उत्तरं एकानं जास्त येऊन राह्यली."

"मंग तिले विचारा कशी काढली म्हणून."

"तिले काय विचारू? तिले वाटन, मास्तरलेच येत नाई."

"छत्तीसवाले मास्तर," रुखमाबाई बी फोडत म्हणाली, "विचारल्यानं छत्तीसचे पस्तीस नाई होत. जा."

दोन दिवस त्यांनी टाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वही काखेत घेऊन ते निघाले.

वच्छलाबाईच्या अंगणात हिरव्या बांबूचा ओला वास भरला होता. एका बाजूला वच्छलाबाई सूप विणत होती. तिने मान वर केली.

"वामनभाऊ! रस्ता चुकले का? माह्या सुनेले शिकवून राह्यले म्हणे. थोडं मलेबी शिकवा, चष्मा लावून इंग्रजी पेपर वाचीन."

वामनराव कसनुसं हसले. रंजीताने बाज पुढे ओढली, पण हातातलं काम सोडलं नाही. ती एक जाळी बांधत होती. बांबूच्या चिरलेल्या सारख्या पट्ट्या, म्हणजे कमच्या, एकीवर एक तिरप्या टाकून जिथे भेटतील तिथे गाठ मारायची. सगळीकडे समभुज चौकोनच चौकोन. भूमितीचं पुस्तक कोणीतरी अंगणात उलगडून ठेवलं आहे असं वामनरावांना वाटलं.

"रंजीता, उत्तरं तू कशी काढली?" त्यांनी एका दमात विचारून टाकलं.

"करून पाह्यली."

"करून म्हणजे?"

"म्हणजे करून." तिने दोन बारीक काड्या उचलल्या, दहा आणि चोवीस सेंटीमीटरच्या. दोन्हींचे मध्य जुळवून फुली बांधली. मग चार कमच्या घेऊन त्या फुलीच्या टोकांना चारी बाजूंनी बांधल्या आणि लांब टोकं छाटली. दोन-चार मिनिटांत समभुज चौकोन तयार. त्यातली एक कमची सोडवून तिने पट्टीवर ठेवली. "हे पाहा. चौदा."

वामनरावांनी वाकून पाहिलं. बरोबर चौदा होते. म्हणजे आपणच चुकलो, पुस्तकही चुकलं.

"मार्चच्या पेपरातबी हेच आलं होतं," ती सांगत होती. "कर्ण सोळा अन् तीस. तिथी कमच्या कुठून आणू? कच्च्या पानावर आकृती काढली, पट्टीनं मोजली. सतरा आले. त्याच्यात गाठीचा एक मिळवला, अठरा लिहिलं. तीन मार्कांचं होतं. एकबी नाई देल्ला."

"गाठीचा एक?"

"नखभर इकडं, नखभर तिकडं. गाठ बसाले जागा नाई पायजे का?"

"मीच शिकवलं ते," वच्छलाबाई मधेच म्हणाली. "नवी नवरी होती तेव्हा हिनं अख्ख्या बैलगाडीभर कमच्या बरोबर मापाच्या तोडल्या. बांधाले घेतल्या तं साऱ्या आखूड. तेव्हा कान धरून सांगितलं होतं, गाठीचं धरल्याशिवाय सुरी लावायची नाई. त्या दिवसापासून आजपावेतो चुकली नाई पोरगी."

वामनरावांनी ती सुटी कमची हातात घेतली. दोन्ही टोकांना, जिथे दोरी आवळली होती तिथे, बारीक वळ उमटला होता. वळाच्या पलीकडे नखाएवढं टोक बाहेर. त्यांनी पट्टी घेतली, शून्य एका वळावर ठेवला आणि दुसऱ्या वळावर वाचलं.

तेरा.

त्यांनी पुन्हा मोजलं. तेराच.

"पुस्तकातल्या चौकोनाले गाठ नसते, रंजीता," ते हळूच म्हणाले.

"गाठ नाई, तं उभा कसा राह्यते तो?"

वच्छलाबाई खुदकन हसली. "म्हणून तं पोरं नापास होतात. बिनगाठीचे चौकोन!"

"नुसती रेघ असते ती," वामनराव म्हणाले. "तिले जाडी नाई. दोन रेघा एका ठिपक्यात भेटतात, पुढे जातच नाईत. म्हणून कमची तोडताना गाठीचं धरायचं, पण चौकोन मोजताना गाठीपासून गाठीपर्यंत."

रंजीताने त्यांच्या हातातून पट्टी घेतली. स्वतः मोजलं. मग उरलेल्या तीनही बाजू मोजल्या. मग वही उघडली आणि एकेका उत्तरावरून बोट फिरवत, एक-एक कमी करत गेली: पाच, तेरा, दहा... शेवटपर्यंत. चेहरा लाल झाला होता.

"म्हणजे सारीच बरोबर होती," ती म्हणाली. "नखभर सोडून."

त्या दिवसापासून शिकवणी अंगणातच होऊ लागली. वामनराव रोज सकाळी वाचनालयात, वर्तमानपत्राच्या आडून, एक-दोन पानं पुढे वाचून ठेवत आणि मग तिकडे जात. पेपरात कमच्या नेता येणार नाहीत, रीत लिहावीच लागेल, हे तिला पटवायला चार दिवस लागले. पण पटल्यावर ती भराभर पुढे गेली. फुली बांधली की चार काटकोन त्रिकोण होतात, आणि एक त्रिकोण सांभाळला की चौकोन सांभाळला, हे तिला एकदाच सांगावं लागलं. मग बाजू दिलेली आणि एकच कर्ण दिलेला, अशी उलटी गणितं आली. त्यांत तिने स्वतःचा एक नियम केला. ती म्हणे, "त्रिकोणासाठी कर्ण अर्धा तोडला, तं शेवटी जोडा लागते. नाई तं आडवी काडी अर्धीच राह्यते, अन् जाळी एका बाजूनं लोंबते."

वामनरावांना हा नियम पुस्तकातल्यापेक्षा चांगला वाटला. तसं ते बोलले मात्र नाहीत.

पेपरच्या दिवशी ते तिच्याबरोबर बसने गेले. वाचनालयाची वर्तमानपत्रं आणायची आहेत, असं निमित्त त्यांनी सांगितलं. परीक्षा केंद्राबाहेरच्या कडुलिंबाखाली ते दोन तास बसून राहिले. वर्तमानपत्र उघडं होतं, पण त्यातलं एक अक्षर त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

रंजीता बाहेर आली ती जवळजवळ पळतच.

"मामाजी, आला! समभुज चौकोन आला! परिमिती शंभर, एक कर्ण अठ्ठेचाळीस, दुसरा काढा. मी चौदा लिहिलं. बरोबर आहे नं?"

"पाहतो," वामनराव म्हणाले. लोकांसमोर हिशेब करायला त्यांना कधीच जमत नसे.

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि शेतांतली भाताची हिरवी पऱ्ही पाहत राहिली. वामनरावांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन टेकवलं. बस हादरत होती. परिमिती शंभर, म्हणजे बाजू पंचवीस. कर्णाचा अर्धा चोवीस. पंचवीसचा वर्ग सहाशे पंचवीस, चोवीसचा पाचशे शहात्तर. वजाबाकी एकोणपन्नास. वर्गमूळ सात.

सात.

त्यांनी पुन्हा केलं. सातच आलं. मार्चमध्ये एक जास्त होता, आता तर दुप्पट. महिनाभर शिकवून आपण हिला काय दिलं? शिकवणीवाल्याकडे पाठवली असती तर एक-एक दिवस बुडाला असता, पण पोरगी सुटली असती. ऑगस्ट उलटेल, जागा जाईल, आणि त्याला कारण एक छत्तीस गुणांचा मास्तर.

"मामाजी, बरोबर आहे नं?" गावात उतरताना तिने विचारलं.

"असेल," ते म्हणाले, आणि तिच्याकडे न पाहता घराकडे चालू लागले.

संध्याकाळी ताटात भाकरी तशीच राहिली. रुखमाबाईने कारण विचारलं, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राची कड दाखवली. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण नवऱ्याचा चेहरा तिला वाचता येत होता.

"ती तिकडं आनंदात आहे अन् तुमी इथी कुढून राह्यले. जाऊन सांगा तिले."

"काय सांगू? तू राह्यली म्हणून?"

"मी चुकलो म्हणून सांगा. साऱ्या जन्मात एकदा तरी कोणाले सांगा, मले येत नाई म्हणून. जीव नाई जात त्यानं."

सकाळी ते अंगणात गेले तेव्हा सासू-सुना दोघी कामाला बसल्या होत्या. वामनराव बाजेवर बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी घसा साफ केला.

"रंजीता, माह्या हातून चुकलं. मी तुले नीट नाई शिकवलं. त्या गणिताचं उत्तर सात येते."

सुरी तिच्या हातात तशीच थांबली. वच्छलाबाईने सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"सात?"

"मी दोनदा केलं. सातच येते."

चुलीतला कोळसा आणून ती ओसरीवर बसली आणि जमिनीवर फुली काढली. चार बाजू काढल्या. एका बाजूवर पंचवीस लिहिलं. आडव्या कर्णाच्या अर्ध्यावर चोवीस. ओठांतल्या ओठांत पुटपुटत तिने वर्ग केले, वजाबाकी केली, आणि उभ्या कर्णाच्या वरच्या अर्ध्यावर सात लिहिलं. वामनरावांनी डोळे मिटले.

"मामाजी," ती म्हणाली, "हे सात तं अर्ध्याचे आहेत."

त्यांनी डोळे उघडले.

"खालचा अर्धा कुठी ठेवला तुमी?"

कोळशाने तिने खालच्या अर्ध्यावरही सात लिहिलं आणि वरपासून खालपर्यंत एक लांब रेघ ओढली. वामनरावांनी त्या रेघेवरून नजर फिरवली. वरचे सात, खालचे सात. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत चौदा.

"जोडलाच नाई मी," ते म्हणाले.

"मंग जाळी लोंबणारच नं एका बाजूनं!"

आणि वामनराव हसले. आपण चुकलो म्हणून एवढा आनंद त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता. हसता हसता ते बाजेवर बसले, तेव्हा बाज करकरली, आणि वच्छलाबाईने चहा टाकायला उठता उठता विचारलं, "म्हणजे आता कोण कोणाले शिकवून राह्यलं, ते तं सांगा."

निकाल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लागला. रंजीता मोबाईल हातात धरून वाचनालयात आली ती थेट टेबलापाशी. गणित, एक्केचाळीस. बांबू केंद्राच्या मॅडमना तिने वाटेतूनच फोन केला होता. सोमवारपासून या, म्हणाल्या होत्या.

वामनरावांनी तो आकडा चष्मा काढून पाहिला, चष्मा लावून पाहिला. मग कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर कोणी नाही ना, अशी नजर टाकली. दोन माणसं होती. तरीही ते बोलले.

"मले मॅट्रिकले छत्तीस होते."

"कशात?"

"गणितात."

रंजीताच्या डोळ्यांत हसू आलं. "म्हणजे मले पाच जास्त!"

"पाच जास्त," वामनराव म्हणाले, "अन् गाठीचे नाईत."

कोपऱ्यातल्या दोघांनी ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की पोस्टमास्तरला गणितात छत्तीसच होते. रुखमाबाईचं चाळीस वर्षं जपलेलं हत्यार एका दुपारी निकामी झालं. पण गावात कोणी त्यांच्याकडे यायचं थांबलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी बचत गटातल्या दोघी जणी वह्या घेऊन वाचनालयाच्या पायरीवर चपला काढत होत्या. त्यांनाही दहावीला बसायचं होतं.

वामनरावांनी चपलांचा आवाज ऐकला. टेबलावर भूमितीचं पुस्तक उघडं होतं. त्यांचा हात सवयीने वर्तमानपत्राकडे गेला, तिथेच थांबला, आणि मग त्यांनी पुस्तक त्या दोघींच्या बाजूला फिरवून ठेवलं.

"या, बसा," ते म्हणाले. "मलेबी सारं नाई येत. पण पाहू."